सरू, तुझी पिशवी कोणती?

मुक्ता, ओंकार,

तुमच्या आत्याआजीचा तेरावा परवा झाला. तुम्ही दोघं येऊ शकला नाहीत, त्याबद्दल इथे कोणी काही म्हटलं नाही. परीक्षा आणि विमानाची तिकिटं आता आबांनाही समजतात. मुक्ता, काल तुझा निरोप आला की प्रबंधाच्या पहिल्या पानावर आत्याआजीचं नाव घालायचं आहे, तर "आजी, तिच्याबद्दल एक ओळ पाठव, रविवारपर्यंत." मी तीस वर्षं मुलांना एका ओळीत उत्तरं लिहायला शिकवलं. काल सकाळपासून वही घेऊन बसले आहे आणि ती एक ओळ काही होत नाही. म्हणून जे होतंय ते लिहिते. हे तिलाच लिहिते आहे, कारण तिच्याशी माझं बोलणं अर्धवट राहिलं आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. तुझी ओळ यात कुठे सापडली तर काढून घे.

सरू,

त्या दुपारी तू शेपूची जुडी निवडत होतीस. निवडलेला पाला परातीत, देठं वर्तमानपत्रावर. मी आत चष्मा शोधत होते. "वयनी, डोक्यावर पाहा," असं तू ओसरीवरून म्हणालीस. चष्मा डोक्यावरच होता. बाहेर येऊन तुला काहीतरी टोमणा मारायचा म्हणून आले, तर तू भिंतीला टेकलेली होतीस आणि हातात अजून काडी होती. तुझं शेवटचं वाक्य माझ्या चष्म्याबद्दल होतं. मला ते आवडतं. दुसरं कोणतं असायला हवं होतं असं वाटत नाही.

त्यानंतरचं तुला सांगते, कारण तू असतीस तर हसली असतीस. अंगणात बाया जमल्या आणि अर्ध्या तासात पहिला प्रश्न आला. गिरजाबाई, आपल्या समोरच्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, हिरवं लुगडं नेसवायचं का साधं? मालक हाय का न्हाई तिचा?"

मी आबांकडे पाहिलं. तुझा नवरा जिवंत आहे की नाही, हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. सवाष्ण म्हणून ओटी भरायची की नाही, यावर बायांत दोन तट पडले. मग गुरुजींनी विचारलं, "गोत्र कोणतं सांगू? दिलेल्या घरचं की इथलं?" लग्न झालेली लेक, म्हणजे नियमानं माहेरी तीनच दिवस. तिच्या घरचे तेरा दिवस दुसऱ्या कोणी करायचे. ते दुसरे कोण, आणि कुठे?

तुला भाऊ म्हणून आबा कधी फार बोलले नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "आमचंच गोत्र. तेरा दिवस. अन् लुगडं तिला आवडतं ते." मी तुझी निळी, बारीक फुलांची साडी काढली, रोजची. गिरजाबाईंना ते पटलं नाही, पण पदर त्यांनीच नीट केला.

परातीतला शेपू सुतकात कोणी शिजवला नाही. वाळून गेला.

मी या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मी हैदराबादला इंग्रजीतून शिकलेली, इथे आखाडा बाळापूरला येऊन पहिल्या दिवशी चुलीपुढे रडले, आणि तू तुझ्या परकरानं माझं नाक पुसलंस. तुझं लग्न एकोणिसाव्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या घरात झालं. दोन वर्षांत तू परत आलीस, एक पत्र्याची पेटी घेऊन, जीपमधून एकटी. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. तू दारात उभी राहून एवढंच म्हणालीस, "वयनी, मी येऊन राहिले." पाहुणी म्हणून की कायमची, ते मी विचारलं नाही. आत माझी चार वर्षांची मुलगी तापानं फणफणलेली होती, आणि मला दहाच्या ठोक्याला शाळा गाठायची होती. तू पेटी ठेवलीस आणि तिला मांडीवर घेतलंस. मी शाळेत गेले.

हे मी मुलांना कधी असं सरळ सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे.

आता मुक्ताच्या त्या कामाकडे येते, कारण आपलं अर्धं राहिलेलं भांडण तिथलंच आहे.

मुक्तानं फोनवर सांगितलं होतं की तिला बायकांचं सुख मोजायचं आहे. लग्न झालेल्या, न झालेल्या, विधवा आणि घटस्फोटित असे चार गट. प्रत्येकीला एकच प्रश्न: सगळा विचार करता तुम्ही किती सुखी आहात, एक ते दहा. तिकडच्या बायकांचे फॉर्म तिच्याकडे होते, इकडचे हवे होते. "आजी, तू असशील म्हणजे काम नीट होईल," असं ती म्हणाली, आणि मी फुशारले. फॉर्मचं मराठी केलं, पंचायतीसमोरच्या दुकानातून प्रती काढल्या, फाइलला चार रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या. तू हळकुंडं निवडत बसली होतीस. म्हणालीस, "सुख मोजून राहिल्या व्हय? पायलीनं का किलोनं?"

मी युक्ती काढली. संक्रांत जवळ आली होती. घरोघर हिंडायचं कशाला, हळदीकुंकवाला बायका आपणच येतात. त्या वर्षी मी वाण म्हणून बॉलपेन दिलं आणि पेनाबरोबर फॉर्म. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पुढच्या खोलीत सतरंजीवर चाळीसेक बायका दाटीवाटीनं बसून फॉर्म भरत होत्या. गिरजाबाई आणि त्यांची सून मांडीला मांडी लावून; सून सासूच्या कागदात डोकावत होती.

"आत्याबाई, तुमी किती लिवलं?"

"धा."

"मंग मी बी धा लिवते."

"काहून? तुला नऊ चालत न्हाईत?"

"चालतील. पन मंग घरी गेल्यावर तुमी इचारसाल, एक काहून कमी."

सगळ्या हसल्या. त्या दिवशी आमच्या गावात कोणीही आठाच्या खाली सुखी नव्हतं.

संध्याकाळी मी फॉर्म लावायला बसले. एका चिठ्ठीखाली जाड गठ्ठा, बाकीच्या तिन्ही चिठ्ठ्यांखाली काहीच नाही. मी खरोखर गोंधळले. तुला हाक मारून म्हटलं, "सरू, बाकीचे तीन गट आलेच नाहीत गं."

तू तिळाच्या लाडवांचं ताट घासत होतीस. वर न बघता म्हणालीस, "येतील कशा? तुमी बोलावलं कुठं?"

हळदीकुंकू सवाष्णींचं. विधवा येत नाहीत. टाकलेली बाई येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी शिकलेली, मी हे मानत नाही असं सगळ्यांना सांगत आले. पण आमंत्रणाची यादी सासूबाईंच्या वेळची होती आणि मी दरवर्षी तीच नीट अक्षरात उतरवून घेत होते. मी काही बोलायच्या आत तू दुसरं वाक्य म्हणालीस.

"अन् मी तर घरातच होते, वयनी. मला बी न्हाई दिला कागद."

जवळजवळ चाळीस संक्रांती, सरू. लाडू तुझ्या हातचे, ताटं तू भरायचीस, दाराच्या फटीतून माझ्या हातात द्यायचीस आणि मी ती बाहेर फिरवायचे. तू कधी उंबरा ओलांडून पुढे आली नाहीस आणि मी कधी ये म्हटलं नाही. मला वाटायचं, तुला गर्दी आवडत नाही. तुला गर्दी आवडत नाही, हे मी पाहुण्यांना सांगितलेलंही आठवतं.

मुक्ताला फोन केला तेव्हा ती खूप हसली. "आजी, हा नमुना नाही, ही एकाच पंगतीतली माणसं झाली!" तिला बाकीचं मी सांगितलं नाही.

मग कामाची सूत्रं तू हातात घेतलीस. कागद नको म्हणालीस, कागद दिसला की बाई खोटं लिहिते. आकड्याऐवजी शेंगदाणे ठेवून पाहिले, तर पहिल्याच बाईनं बोलता बोलता दोन खाल्ले. तेव्हा चिंचोके आले. वाकळ शिवायच्या गाठोड्यातली चिंधी काढून तू बोटभर पिशव्या शिवल्यास, नाडी ओवलेल्या. लग्न झालेल्यांच्या हिरव्या. न झालेल्यांच्या पिवळ्या. विधवांसाठी मी पांढरं कापड पुढे केलं, तर ते तू बाजूला सारलंस. "पांढरं न्हाई. आबोली घ्या. आमची आजी मरस्तोवर पांढऱ्यात होती, तिच्या सुखाची पिशवी तरी रंगीत होऊ द्या." घटस्फोटितांच्या जांभळ्या.

प्रत्येक पिशवीत तू आधीच एक चिंचोका टाकून ठेवायचीस आणि बाईच्या हातात नऊ द्यायचीस. मी कारण विचारलं. "पोरीनं एकापासून धा म्हनलंय ना? मंग पयला आपल्याकडून. रिकामी पिशवी कोनाची नसावी." बाईनं आतल्या खोलीत जायचं, हवे तेवढे टाकायचे, उरलेले कोपऱ्यातल्या गाडग्यात, नाडी ओढायची, बाहेर यायचं. नाव नाही, सही नाही.

दोन महिने आपण हिंडलो. वारंगा फाट्यावर चहाची टपरी चालवणारी सखुबाई तुला आठवते ना? नऊ चिंचोके तळहातावर घेऊन उभी राहिली होती. "ताई, समदे टाकू का? लोक म्हनतील नवरा मेला न् बाई खुशीत आली."

तू म्हणालीस, "लोकायला कुठं दावायचं हाय? पिशवीला तोंड हाय, पन बोलत न्हाई."

ती टपरीच्या मागे गेली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती आणि आपल्याला चहाचे पैसे घेतले नाहीत. तिनं किती टाकले ते मला माहीत नाही, पण पिशवी हाताला जड लागली होती.

रोज संध्याकाळी मी पिशव्या रंगाप्रमाणे लावत होते. आबोली भरल्या, पिवळ्या भरल्या. जांभळ्या मात्र दोनच. तू म्हणालीस, "कागदवाली बाई गावात कुठून भेटंल? नवऱ्यानं टाकलेल्या हाव्या तेवढ्या भेटतील. त्या कोनत्या रंगाच्या? अन् मी कोनत्या पिशवीत, वयनी?"

मी विचार करून, बरोबर उत्तर दिलं. "कायद्यानं तू विवाहितच."

तू पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होतीस. "कायद्यानं व्हय," म्हणालीस. "तुमीच तर अर्ज लिवला होता."

त्या अर्जाबद्दल आपण पस्तीस वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. मुलांना सांगायला हवं. तू परत आल्यावर दोन-तीन वर्षांनी फाट्याकडचं एक स्थळ आलं होतं. किराणा दुकान, बायको वारलेली, माणूस सरळ. तू नाही म्हणाली नव्हतीस. मी म्हटलं, आधी घटस्फोटाचा कागद होऊ दे, मग पुढचं. नाहीतर उद्या अडचण. ते खरंही होतं. मी स्वतः अर्ज लिहिला, तीन पानं, एकही खाडाखोड नाही. हिंगोलीला वकिलाकडे जाऊ म्हटलं, परीक्षा झाल्या की. परीक्षा झाल्या. मग मुलांच्या सुट्ट्या झाल्या. मग पेरण्या झाल्या. पुढच्या वर्षी त्या माणसानं दुसरीकडे लग्न केलं. तू मला एकदाही विचारलं नाहीस की कधी जायचं.

सरू, मी विसरले नव्हते. आज हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मला ठाऊक होतं, तू गेलीस तर सकाळी साडेनऊला माझ्या पोरांचे डबे कोण भरणार, सासूबाईंचे पाय कोण चेपणार, आणि दहाच्या ठोक्याला मी शाळेत कशी पोचणार. मी तुला कधी अडवलं नाही. मी फक्त तारीख काढली नाही. आणि लोक म्हणायचे, बाईंनी नणंदेला किती मायेनं सांभाळलं.

कोणी कोणाला सांभाळलं ते तुमच्या बाबांना विचारा, मुलांनो. त्यांना अक्षरं मी शिकवली. बाकी सगळं तिनं.

मुक्ताला मी त्याच दिवशी फोन लावला. म्हटलं, तुझ्या चार गटांत एक गट राहिला आहे. नवऱ्यानं टाकलेली किंवा सोडून आलेली, कागद न झालेली बाई. ती तयारच होती. तू गाठोड्यातून मुक्ताच्या लहानपणच्या फ्रॉकचं निळं फुलांचं कापड काढलंस आणि सात पिशव्या शिवल्यास. "सात काहून?" मी तुझ्याच भाषेत विचारलं. "मला ठाव हायेत तेवढ्या. मला धरून."

आठवड्यानं तू सातही पिशव्या एका ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवल्यास, हळदीकुंकवाचं ताट ठेवावं तशा. "घ्या. यात माझी बी हाय. वळखा."

"कोणती?"

"पोरीनं नाव इचारू नका म्हनलंय. तुमीच वाचून दावलं होतं."

माझे नियम तू माझ्यावरच चालवलेस. मी म्हटलं, "सरू, मला जाणून घ्यायचंय." तू पदर खोचून उठलीस. "चाळीस वर्सं न्हाई इचारलं. आता पोरीला पायजे म्हून इचारून राहिल्या."

यावर मला काही बोलायचं होतं. दूधवाला आला. ते राहिलं.

पिशव्या मी उघडल्या, मोजल्या, आकडे लिहिले. निळ्या पिशव्यांत एकीत दोन होते. एकीत नऊ. बाकीच्या मधल्या. हिरव्यांत, जिथे पंगतीत आठाच्या खाली कोणी नव्हतं, तिथे आता तीन होते, चार होते, आणि दहाही होते. माझीही हिरवी पिशवी त्यात होती. तिच्यात सात. ते मात्र तू पाहिलं होतंस, कारण मी नाडी नीट ओढली नव्हती.

"सात?" तू म्हणालीस. "मालक हाय, नोकरी झाली, पेन्शन हाय, लेकरं मोठी झाली. तीन काय कमी पडले, वयनी?"

तू हसत विचारलंस. मीही हसले आणि म्हटलं, "माझा हिशेब कडक असतो."

मुक्तानं मे महिन्यात निकाल सांगितला तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि तू अंगणात शिजवलेली हळद पसरत होतीस. या पद्धतीला ती अ‍ॅनोव्हा म्हणते. मराठीत प्रचरणाचं विश्लेषण म्हणतात असं मी शोधून काढलं, पण तो शब्द ऐकून तू उठून जाशील म्हणून बोलले नाही. मुक्ता समजावत होती. फरक दोन तऱ्हेचे असतात. एका गटाची सरासरी आणि दुसऱ्या गटाची सरासरी, यांच्यातला एक. आणि एकाच गटातल्या बायकाबायकांमधला दुसरा. पहिला फरक दुसऱ्याच्या मानानं बराच मोठा निघाला, तरच म्हणायचं की लग्न असण्या-नसण्यानं सुख बदलतं.

तू हातातलं फावडं उभं धरून ऐकत होतीस. "म्हंजे हे हळदीवानीच झालं की. या वाफ्याची हळद चांगली का त्या वाफ्याची, हे कवा सांगता येईल? एका ढिगात समदी हळकुंडं सारखी असतील तवा. ढिगातच एक करंगळीएवढं न् एक मनगटाएवढं, तर या ढिगाचं न् त्या ढिगाचं काय घेऊन बसता?"

पलीकडे मुक्तानं कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आत्याआजी, हे मी लिहून घेते." आणि आपल्या पिशव्यांचं तसंच निघालं होतं. गटागटांतला फरक थोडा, गटाच्या आतला फार मोठा. लग्न झालेली जास्त सुखी, असं आपल्या चिंचोक्यांवरून म्हणता येत नव्हतं.

"बघ," मी तुला म्हटलं. माझ्या आवाजात सुटका होती, ती तुला ऐकू आली असणार. मला वाटलं, सुटले. तो अर्ज दिला असता काय, न दिला असता काय, सरासरी तीच.

पण मुक्ता प्रामाणिक पोरगी आहे. लगेच म्हणाली, "आजी, एक मात्र लक्षात ठेव. फरक सापडला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. बायका थोड्या होत्या. आपल्याला दिसला नाही, एवढंच म्हणायचं."

तेरा दिवस मी या वाक्याशी बसले आहे. तू तक्रार केली नाहीस, म्हणजे तुला तकलीफ नव्हती असं नाही. मला दिसली नाही, एवढंच मी म्हणू शकते.

मागच्या संक्रांतीला मी यादी नवीन केली. सखुबाई आली, आणखी दोघी-तिघी आल्या. काही नेहमीच्या आल्या नाहीत. गिरजाबाई आल्या, पण दारातच म्हणाल्या, "बाई, हे काही बराबर न्हाई." तू स्वयंपाकघरात ताट भरत होतीस. मी ताट तुझ्या हातातून घेतलं आणि म्हटलं, "तू चल बाहेर." तू म्हणालीस, "आता साठीला? गुडघे धरून आलेत, खाली बसाया येत न्हाई." मी खुर्ची आणली. तुझ्या कपाळाला बोट लावताना कुंकू नाकावर सांडलं. मग तूच म्हणालीस, "गिरजाबाई, इतकी वर्सं लाडू खाल्ले माझ्या हातचे, ते बराबर व्हते ना?"

गिरजाबाईंनी लाडू घेतला. दोन घेतले.

एका दुपारी चाळीस संक्रांती भरून निघत नाहीत. मी तसं मानत नाही, तूही मानलं नसणार. पण तू खुर्चीवर बसून आदल्या वर्षी उरलेल्या बॉलपेनाचं वाण घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेनानं किराण्याची यादी केलीस, हे मी पाहिलं.

आता मी सात पिशव्या ताटलीत घेऊन बसले आहे. नऊची तुझी असेल, असं सकाळी वाटतं. त्या हसण्याची बाई नऊच टाकेल. दुपारी परातीकडे लक्ष गेलं की दोनची तुझी वाटते, आणि त्या दोनमधला पहिलाही तूच सगळ्यांना दिलेला. पिशवी हातात घेऊन पाहते, नाडीची गाठ पाहते. सगळ्या गाठी तूच मारलेल्या, एकसारख्या. मी आयुष्यभर अक्षरावरून मूल ओळखलं. तुला ओळखता येत नाही.

तू विचारलेल्याचं उत्तर मात्र माझ्याकडे आहे. तीन काय कमी पडले? तो अर्ज, सरू. तो कमी पडला. तीन पानांचा होता. हे मी तुला मे महिन्यात हळदीच्या ढिगापाशी सांगू शकले असते, तू समोर उभी होतीस, आणि मी हिशेब कडक असल्याचं सांगून हसले होते. माफ कर म्हणायला तुझी वेळ विचारावी लागत नव्हती. आणि कृतज्ञता सांगायला तर त्याहून नाही. तुझ्यामुळे मी शिक्षिका राहिले. तीस वर्षं दहाच्या ठोक्याला, एकही दिवस उशीर नाही. निरोप समारंभात त्याचं कौतुक झालं, तेव्हा तू मागच्या रांगेत डबा घेऊन बसली होतीस.

मुक्ता, तुझी एक ओळ अशी लिही: "पाचवा गट हिनं सुचवला." त्यात खोटं काही नाही आणि जास्तीचंही नाही.

अर्ज माझ्या फाइलमध्ये आहे, सहीची जागा रिकामी. चिंचोके मी आकडे बघून ज्या त्या पिशवीत परत घातले आहेत, आणि सातही निळ्या पिशव्या तुझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आहेत. त्यातली एक तुझी आहे.